मोरी, सिंक आणि तोटी

मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० साली आणि तानसाचे १८९२ साली नळाने येऊ लागले, तरी मराठी घरात पाणी वापरण्याच्या जागेचे रूप त्यानंतरही कितीतरी दशके फारसे पालटले नाही. ही जागा म्हणजे मोरी: खोलीच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीने बांधलेली, वीतभर कठड्याने अडवलेली आणि भोकाकडे उतार दिलेली चौकट, जिथे चाळीतल्या एकाच खोलीत भांडीही घासली जात आणि अंघोळही होत असे. पुढे या भोकाखाली सापळा, म्हणजे थोडे पाणी सतत धरून ठेवून गटाराचा वास वर येऊ न देणारे भांडे, बसवला जाऊ लागला. त्याला भारतातील नळकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, आणि परक्या शास्त्रात टिकून राहिलेला हा घरगुती शब्द जपून ठेवण्यासारखा आहे.

चूल जमिनीवरून ओट्यावर गेली तेव्हा मोरीतला भांडी घासण्याचा भाग तिच्यापाठोपाठ वर चढला आणि सिंक झाला. उकिडवे बसून घासणाऱ्या बाईच्या गुडघ्यांवरचा भार त्यामुळे उतरला, ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट होय. मात्र ३३ इंच उंच ओट्यात ९ इंच खोल सिंक बसवले की त्याचा तळ जमिनीपासून २४ इंचांवर जातो आणि गुडघ्यांवरचा भार कमरेवर येतो, हा हिशेब सिंक निवडताना आजही क्वचितच केला जातो.

आरंभीची सिंके कडप्प्याच्या लाद्या जोडून केलेली किंवा चिनी मातीची असत. पितळी पातेले निसटले की चिनी मातीचा टवका उडे, त्यामुळे स्टेनलेस स्टीलचे सिंक सहज रुजले. पण स्टील हे एका धातूचे नाव नाही. ‘३०४’ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तर ‘२०२’ या स्वस्त प्रतीत निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज घातलेले असते, आणि मिठाचे किंवा क्षारयुक्त पाणी साचून राहिले तर तांबूस ठिपके आधी याच प्रतीवर उमटतात. दुकानात लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु ती येथे उपयोगी पडत नाही, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही आणि उलट दाबून खोल केलेल्या अस्सल ३०४ च्या कोपऱ्यांत किंचित चुंबकत्व येते. म्हणून प्रतीचा उल्लेख बिलावर लिहून घेणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ: १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, तर २० गेज त्याहून बारीक आणि भांडे ठेवताच वाजणारा.

दोन कप्प्यांचे सिंक ताटे-पेले धुणाऱ्या स्वयंपाकघरांतून आले. त्यात कणकेची परात आडवी मावत नाही. ती तिरकी धरावी लागते, तिच्या काठावरून पाण्याची धार थेट ओट्यावर उतरते, आणि हाताशी असलेला दुसरा कप्पा रिकामाच राहतो. ज्या घरात परात, कढई आणि कुकर रोज निघतात तेथे एकच मोठा कप्पा अधिक शहाणपणाचा.

नळाची कथा पाण्याच्या दाबाशी बांधलेली आहे. इंग्लंडमध्ये १८४५ साली पेटंट मिळालेला पेचाचा नळ, ज्यात चामड्याची आणि नंतर रबराची चकती, म्हणजे आपल्याकडचा ‘वायसर’, खाली दाबून पाणी अडवले जाते, तो येथे पितळी तोटीच्या रूपाने शतकभर चालला. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे वरच्या मजल्यावर तो पाव-अर्ध्या बारच्या आसपास असतो. पेचाचा रुंद नळ तेवढ्यावर वाहतो, पण जास्त दाब गृहीत धरून बनवलेल्या एकदांडी मिक्सरमधून तिथे करंगळीएवढीच धार पडते. सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकवून पाणी उघडणारा पाव-फेरीचा नळ हाताला हलका आणि गळतीला कमी असतो, मात्र विंधनविहिरीच्या जड पाण्याचा क्षार किंवा रेतीचा कण त्या चकत्यांत शिरला की पूर्ण काडतूसच, म्हणजे चकत्या बसवलेला नळाचा आतला भाग, बदलावे लागते. वायसर गल्लीतल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. काडतुसाचे माप मात्र बनावटीगणिक वेगळे असते, आणि म्हणून नळ घेण्यापूर्वी त्याचे काडतूस आपल्या गावात सुटे मिळते का, हे विचारून घेणे त्याची चकाकी पाहण्याइतकेच आवश्यक आहे.