जटपुऱ्याच्या वेशीत अडकलेले पाहुणे

भाचा सुट्टीत आला आणि माझ्या संगणकावर ‘रोलरकोस्टर टायकून २’ हा खेळ टाकून गेला. २००२ साली निघालेला हा खेळ तसा जुनाच. आपण करमणुकीची बाग आखायची, पाळणे उभारायचे, झाडूवाले नेमायचे. २००३च्या पुरवणीत त्यात ‘आशिया’ आला. चीनची भिंत, जपानचा किनारा, आणि आपल्या वाट्याला महाराजाची बाग! गोंड राजांचे चांदा त्यात कुठून असणार? म्हणून तुकडा तुकडा जोडून मीच चंद्रपूरचा परकोट बांधला. ये-जा करायला एकच जटपुरा गेट ठेवले.

बाग उघडली आणि थोड्याच वेळात, रोज संध्याकाळी खऱ्या जटपुऱ्यात होते तशी कोंडी झाली. या खेळात प्रत्येक पाहुण्याची भूक, तहान, दमणूक वेगळी मोजली जाते. वेशीत गर्दी तुंबली की ‘इथे फार गर्दी आहे’ असे त्याच्या मनात येते, तो हिरमुसतो आणि बागेचे गुण घसरतात. मी रस्ता रुंद केला, तर लोक त्या फरसबंदीवरच भरकटू लागले!

शेवटी खऱ्या परकोटाकडे पाहिले. त्याला दरवाजे चार, शिवाय विठोबा खिडकी, बगड खिडकी अशा पाच खिडक्या. खिडकी म्हणजे कोटातली लहान वाट. लहानपणापासून तिथून जातोय, पण कधी विचार केला नव्हता. मी पाचही खिडक्या काढल्या, अरुंद वाटा जोडल्या, तेव्हा कुठे गर्दी फुटली.

हत्तीवर झेपावणारा गोंडी सिंह मात्र या खेळात मिळत नाही. वेशीवरची त्याची जागा अजून कोरीच आहे.