पाणी कोमट होतं, तरी भाजलं

२०१६ च्या पावसाळ्यात दिल्ली-नोएडाला चिकुनगुन्याने झोडपलं. आमच्या सोसायटीत मजल्यागणिक कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं. शेजारच्या काकू मूळच्या बार्शीच्या. त्यांचा ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. चादर अंगावर पडली तरी हुळहुळायचं. सुनेने कोमट पाण्यात हात बुडवायला दिले, तर काकू कळवळल्या, "भाजतंय गं!" पाण्यात बोट घालून पाहिलं, तर पाणी खरोखर कोमट होतं. घरात कुजबुज सुरू झाली, ताप गेला, मग आता एवढं काय?

काकूंना खरंच भाजत होतं, हे मला सांगायचं आहे.

वेदनेचा निरोप नेणाऱ्या चेतापेशींची टोकं त्वचेत आणि सांध्यांत पसरलेली असतात. त्यांच्या आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. त्यांतलं एक टीआरपीव्ही-१. एरवी ते ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतं, विद्युतभारित कण आत घुसतात आणि मेंदूकडे निरोप जातो : भाजलं. हेच दार मिरचीतलं कॅप्सेसिनही उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीचाच माग काढत ते शोधलं आणि २०२१ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. ठेचा-भाकरीवर चहाचा घोट घेऊन पाहा. रोजचाच चहा जिभेला चटका देतो. चहा तेवढाच गरम असतो; उंबरा खाली आलेला असतो तो जिभेतल्या या दाराचा.

सुजलेल्या सांध्यात हा उंबरा शरीर स्वतःच खाली आणतं. दुखावलेल्या पेशी आणि विषाणूशी झुंजणाऱ्या पेशी प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडीकायनिन अशी रसायनं सोडतात. प्रोस्टाग्लँडिन तर स्वतः फारशी कळ उठवतही नाही. ते चेतापेशीच्या बाहेरच्या ग्राहकाला चिकटतं, आत रासायनिक साखळी सुरू होते आणि शेवटी त्या दारावर फॉस्फेटचा छोटासा तुकडा जोडला जातो. एवढ्यानेच दार हलक्या हाताला उघडू लागतं. रसायनांचा मारा जोरात असेल तर ४३ अंशांची गरजच उरत नाही, अंगाची स्वतःची ३७ अंशांची ऊबही पुरते. भरीला चेतावृद्धी घटक नावाचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर अशी आणखी दारं आणून बसवतं.

ॲस्पिरिन बाजारात आलं १८९९ मध्ये. ते नेमकं काय करतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची वाटच ते अडवतं. म्हणजे ही गोळी नसेला बधिर करत नाही, तिचा खाली आलेला उंबरा पुन्हा वर चढू देते. मात्र अशा तापात डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत डॉक्टर ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर पॅरासिटामॉलवर भागवायचं.

हुळहुळणं, ठुसठुसणं, चरचरणं, ठणका, कळ, सल. दुखण्याच्या इतक्या बारीक छटा आपल्या भाषेने जपल्या आहेत. तरीही घरातल्या बाईचं दुखणं लांबलं की तोंडात पहिला शब्द येतो तो सोंग.

बार्शीत याच तापाची साथ १९७३ मध्ये आली होती. चिकुनगुन्या हा आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला शब्द, त्यात वाकून जाण्याचा अर्थ आहे. काकू तेव्हा शाळकरी होत्या. आई भिंत धरून, कमरेत वाकून न्हाणीपर्यंत जायची आणि आजी म्हणायची, सोंगं करते. हे त्यांनी सुनेला सांगितलं ते साथ ओसरल्यावर, एका दुपारी भाजी निवडताना.

डिसेंबरात नोएडाच्या थंडीत सांधे पुन्हा आखडले. सून पाण्याची बादली घेऊन आली. पाणी स्वतःच्या बोटाने न पाहता तिने चमचाभर काकूंच्या मनगटावर सोडलं आणि विचारलं, "आई, अजून निववू का?"