दारे बंद झाल्यानंतरचे सेंट पॉल

लंडन येथील सेंट पॉल कॅथीड्रल दिवसा पाहणारे पुष्कळ. (कॅथीड्रल म्हणजे जेथे बिशपचे आसन असते ते मुख्य चर्च.) परंतु सायंकाळी दारे बंद झाल्यावर मोजक्या निमंत्रितांना ही वास्तू दाखवून, मग खालच्या तळघरात वाद्यसंगीतासह भोजन देण्याचे प्रसंगही तेथे घडतात. गर्दी ओसरलेली असते. अशा वेळी दृष्टी आपोआप वर जाते ती घुमटाकडे.

१६६६ च्या भीषण आगीत जुने चर्च नष्ट झाले. सर ख्रिस्तोफर रेन यांच्या आराखड्यानुसार १६७५ मध्ये नव्याचा पाया घातला गेला व १७११ साली ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. या घुमटाची गंमत अशी की, तो एक नसून तीन आहेत. आतून दिसतो तो एक. बाहेरून दिसतो तो दुसरा, लाकडी सांगाड्यावर शिशाचे पत्रे जडविलेला. आणि या दोहोंमध्ये, कोणासही न दिसणारा, विटांचा शंकू. शिखरावरील सुमारे ८५० टनांचा भार तोलतो तो हा शंकूच! आतल्या घुमटाच्या बुडाशी गोल सज्जा आहे. तेथे भिंतीलगत केलेली कुजबूज पार पलीकडे ऐकू जाते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तिचा अभ्यास केला, व पुढे विजापूरच्या गोलघुमटाचाही.

बाहेरचा घुमट सुंदर खरा. पण शिसे लवकर वितळते, आणि त्याखाली शतकांचे वाळलेले लाकूड! दुसऱ्या महायुद्धात भीती होती ती हीच. म्हणून १९३९ मध्ये स्वयंसेवकांचे रात्रपहारा-पथक पुन्हा उभारण्यात आले. १९१५ सालीही असे पथक होते. त्यात वास्तुशिल्पज्ञ बरेच घेतले होते. अंधारातील जिने, बोळ आणि तुळया ज्याच्या मनात पक्क्या बसल्या आहेत, तोच आगीपाशी वेळेवर पोहोचणार, हे उघड आहे. त्यांचे ठाणे होते याच तळघरात.

२९ डिसेंबर १९४० च्या रात्री आगलाव्या बाँबांचा वर्षाव झाला. शेजारच्या गल्लीतील प्रकाशकांची गोदामे पेटून लक्षावधी पुस्तके जळाली. थेम्स नदीला ओहोटी लागलेली, त्यामुळे पाण्याचा तुटवडा. तशात एक बाँब घुमटाच्या शिशात रुतला आणि शिसे वितळू लागले. तो आत पडता तर सारे संपले असते. सुदैवाने तो बाहेरच्या बाजूस, दगडी सज्जावर घसरला आणि तेथे विझविण्यात आला.

आज त्याच तळघरात ताटे मांडली जातात. वाद्यवृंदासही ही जागा मानवते. वर घुमटाखाली एकेक स्वर कित्येक सेकंद रेंगाळतो. संथ समूहगान तेथे खुलते, परंतु जलद वादनाचे स्वर एकमेकांत मिसळून जातात. खाली छत ठेंगणे, म्हणून स्वर स्पष्ट राहतात.

जवळच नेल्सन, वेलिंग्टन आणि स्वतः रेन चिरनिद्रा घेत आहेत. रेन यांच्या थडग्यावरील लेख सांगतो की, स्मारक पाहावयाचे असेल तर सभोवार पाहा. तळघरात सभोवार पाहिले तर दिसतात जाडजूड खांब आणि कमानी. रेन यांचे स्मारक पाहण्यासाठी पाहुण्यांना जेवण आटोपून पुन्हा वर जावे लागते.