बोस्टनचा जासूद

अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनाही पॉल रिव्हियर ठाऊक असतो, तो लाँगफेलोच्या कवितेमुळे. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री एक स्वार निघतो आणि इंग्रज फौज येत असल्याची वर्दी गावोगाव देत काँकर्ड गाठतो, असं ती कविता सांगते.

प्रत्यक्षात रिव्हियर त्या रात्री काँकर्डला पोचलाच नाही. वाटेत पकडला गेला! तरी खरी हकिगत कवितेहून सरस आहे.

रिव्हियर चाळिशीतला, बोस्टनचा चांदीकाम करणारा कारागीर. तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा, लोकांचे कृत्रिम दातही बसवायचा. डिसेंबर १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या बोस्टन बंदरात बुडवल्या गेल्या, तेव्हा ती बातमी घेऊन न्यूयॉर्कला घोडा दामटला तो त्यानेच. (१७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला, तीच ही कंपनी.) पुढे फिलाडेल्फियालाही त्याने खलिते पोचवले. म्हणजे त्या रात्री जो निघाला तो मुरलेला जासूद होता.

फौज काँकर्डचा दारूगोळा जप्त करायला निघणार, हा सुगावा आधीच लागला होता. बोस्टनमधल्या बंडखोरांचे पुढारी डॉक्टर जोसेफ वॉरन यांनी खबरदारी म्हणून दोन जासूद दोन वाटांनी धाडले. विल्यम डॉस खुष्कीच्या मार्गाने गेला, रिव्हियर नदीपार. दोघंही अडकले तर? म्हणून रिव्हियरनेच तिसरी तजवीज करून ठेवली होती. फौज जमिनीवरून निघाली तर चर्चच्या मनोऱ्यात एक कंदील, पाण्यावरून निघाली तर दोन. चर्चचा राखणदार रॉबर्ट न्यूमन याने दोन कंदील दाखवले. कवितेत रिव्हियर पैलतीरावर या खुणेची वाट पाहतो. खरं तर खूण त्याच्यासाठी नव्हतीच, ती पैलतीरावरच्या साथीदारांसाठी होती.

दोन मित्रांनी होडी वल्हवत त्याला ‘सॉमरसेट’ या इंग्रज युद्धनौकेजवळून पार नेलं. चार्ल्सटाउनला उसना घोडा मिळाला. थोड्याच अंतरावर दोन इंग्रज अधिकारी आडवे आले, त्यांना हुलकावणी देऊन तो मेडफर्डच्या वाटेला लागला आणि तिथून लेक्सिंग्टनपर्यंत जवळपास दर घराचं दार ठोठावत गेला. जागे झालेल्या गावांतून दुसरे स्वार सुटले, घंटा वाजल्या, बंदुकांचे बार निघाले. इंग्रजांना गाठलं ते या साखळीने. एकट्या स्वाराची गोष्ट सांगताना तिचा विसर पडतो, ही मला या दंतकथेची मोठी उणीव वाटते.

मध्यरात्री लेक्सिंग्टनला जॉन हॅनकॉक आणि सॅम्युएल अ‍ॅडम्स या पुढाऱ्यांना सावध करून रिव्हियर आणि डॉस काँकर्डकडे निघाले. वाटेत डॉक्टर सॅम्युएल प्रेस्कॉट भेटला. पुढे इंग्रज गस्तीने तिघांना घेरलं. प्रेस्कॉटने घोडा दगडी गडग्यावरून उडवला आणि काँकर्डला वर्दी दिली ती त्याने. डॉस निसटला. रिव्हियरच्या डोक्याला पिस्तूल लागलं, तेव्हा त्याने बेधडक सांगितलं की लवकरच इथे पाचशे माणसं जमतील. घोडा काढून घेऊन त्याला सोडलं. तो पायीच लेक्सिंग्टनला परतला आणि हॅनकॉकची कागदपत्रांची पेटी हलवू लागला. ती नेत असतानाच १९ एप्रिलच्या पहाटेचा गोळीबार त्याच्या कानी आला. त्यात आठ जण पडले.

वॉरन त्याच जूनमध्ये बंकर हिलच्या लढाईत मारले गेले. पुढच्या वर्षी त्यांचं प्रेत उकरलं, तेव्हा ते रिव्हियरने ओळखलं, स्वतः बसवलेल्या कृत्रिम दातांवरून.

स्वातंत्र्ययुद्धानंतर रिव्हियरने घंटा ओतल्या, १८०१ मध्ये तांब्याचे पत्रे लाटण्याचा कारखाना काढला. ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी युद्धनौकेच्या तळाला १८०३ मध्ये त्याचेच पत्रे ठोकले. १८१८ मध्ये तो वारला. लाँगफेलोची कविता छापून आली १८६१ च्या जानेवारीत. देश यादवीच्या उंबरठ्यावर होता आणि कवीला लोकांना पुन्हा हाक घालायची होती. त्या हाकेत डॉस आणि प्रेस्कॉट यांची नावं आली नाहीत.