उद्याचा पाऊस चुकला, म्हणून हवामानशास्त्र खोटं?

पूर्णगडच्या खाडीकाठी, पावसच्या बाजारात, रत्नागिरीच्या एसटीत एक वाक्य सतत कानावर येतं: "वेधशाळेला उद्याचा पाऊस सांगता येत नाही, आणि हे पन्नास वर्षांनंतरचं सांगणार!" चांगली शिकलेली माणसंही हे ठासून बोलतात आणि ऐकणारे माना डोलावतात. म्हणून आधी याचाच समाचार घेऊ.

उद्या दुपारी पूर्णगडात सर येईल का, हा एक प्रश्न. पुढच्या तीस वर्षांत कोकण सरासरी किती तापेल, हा वेगळा. पहिल्याचं उत्तर आज वारा आणि बाष्प नेमके कुठे आहेत यावर ठरतं. त्या मोजणीतली बारीकशी चूकही चार-आठ दिवसांत फुगत जाते. दुसऱ्याचं उत्तर पृथ्वीवर किती उष्णता येते आणि किती परत जाते, या जमाखर्चावर ठरतं. मुचकुंदीच्या मुखाशी होडी लावणाऱ्या तांडेलाला समुद्र नेमका कोणत्या तारखेला खवळेल ते सांगता येत नाही. तरी मिरगाआधी होडी वर ओढायची, हे तो जाणतो. तारीख चुकली म्हणून पावसाळाच खोटा, असं त्याला कोणी म्हणत नाही.

हा जमाखर्च बरोबर निघतो का, तेही तपासून झालं आहे. झीक हॉसफादर या हवामानशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 ते 2007 या काळातली तापमानवाढीची 17 भाकितं प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिली. त्यांतली 10 जुळली. हवेत प्रत्यक्षात किती हरितगृह वायू सोडले गेले, ते हिशोबात धरल्यावर 14 जुळली.

आणि वेधशाळेला काहीच कळत नाही, हे तरी खरं का? निसर्ग वादळ 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात ते 3 तारखेला येईल, असं हवामान खात्याने 1 जूनलाच सांगितलं होतं. त्या इशाऱ्यावर किनाऱ्यावरची माणसं हलवली गेली. हे कसं विसरतो आपण?

हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, याच्या सूचना येतात. त्या उपग्रहाने मोजलेल्या समुद्राच्या तापमानावर आणि हरितद्रव्यावर बेतलेल्या असतात. त्या मोजणीवर भरवसा ठेवून डिझेल जाळायचं आणि समुद्र तापतोय म्हटलं की शास्त्रज्ञांवर संशय घ्यायचा, हे मला पटत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचा 2020 चा अहवाल सांगतो, की 1951 ते 2015 या काळात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 1 अंशाने वाढलं. त्याच संस्थेच्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलं, की अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात 52 टक्क्यांनी वाढली.

मोजणीचंच आणखी एक उदाहरण: पूर्णगडच्या पुलापलीकडे गावखडीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरट्यातली वाळू साधारण 29-30 अंशांच्या वर राहिली, की पिल्लांत माद्या जास्त निघतात. वाळू जास्त तापली तर नर कमी होणार, हे त्या घरट्यात खुपसलेल्या तापमापकावरून कळतं. त्यात कोणाचं मत येत नाही.

"शास्त्रज्ञांनी हिमालयाबाबत खोटं सांगितलं" हेही ऐकतो. आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) 2007 च्या अहवालात हिमनद्या 2035 पर्यंत संपण्याची शक्यता लिहिली होती. ती चूकच होती, आणि गंभीर चूक. पण ती हिमनद्यांच्या अभ्यासकांनीच दाखवली आणि जानेवारी 2010 मध्ये समितीने जाहीरपणे मान्य केली. हिमनद्या वितळताहेत, हे त्या चुकीने बदललं नाही.

"शास्त्रज्ञ निधीसाठी घाबरवतात." एक्सॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनीही 1970 च्या दशकापासून अशीच तापमानवाढ वर्तवली होती; तेल विकणाऱ्यांना घाबरवून काय मिळणार होतं?

"सूर्यच जास्त तापलाय." तसं असतं तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता, तो थंड होतोय.

"हवामान आधीही बदलायचं." बदलायचं, पण आज हवेत वाढलेला कार्बन कोळसा-तेलाचा आहे, हे त्याच्या समस्थानिकांवरून कळतं.

"यंदा थंडी कडाक्याची होती." एका गावची एक थंडी म्हणजे हवामान नव्हे, त्यासाठी तीस वर्षांची सरासरी घेतात.