शाळेच्या वेबसाइटवरची लिंक भलतीकडेच जाते? कारण ओळखा, उपाय करा



शाळेच्या वेबसाइटवर आपण 'शिष्यवृत्ती परीक्षा' असं लिहून लिंक देतो. पालक ती विश्वासाने दाबतात. जायला हवं पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या साइटवर, पण उघडतं बेटिंगचं पान, नाहीतर ओटीपी मागणारा हुबेहूब फॉर्म. यालाच लिंक हायजॅक होणं, म्हणजे लिंक पळवली जाणं, म्हणतात.

पुणेकरांना कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवत असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातला मोठा भाग एटीएममधून काढला गेला. एटीएमची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडे पोचण्याआधीच एका बनावट यंत्रणेने मध्ये अडवली आणि 'पैसे द्या' असं उत्तर दिलं. एटीएम खरं, उत्तर खोटं. लिंक पळवण्याची पद्धत वेगळी असते, पण युक्ती हीच: वाट मध्येच वळवायची.

लिंक का पळते?

१. आपण लिंक दिलेल्या साइटच्या डोमेनची मुदत संपते आणि ते दुसराच कोणी विकत घेतो.
२. आपण पानावर लावलेला व्हिजिटर काउंटर, घड्याळ असा बाहेरचा कोड बिघडवला जातो.
३. पासवर्ड फुटतो किंवा जुन्या प्लगइनमधून कोणीतरी आत शिरतं.
४. साइट ठीक असते, पण पालकांच्या मोबाइलमध्येच खोडसाळ ॲप असतं.

दुसऱ्या कारणाचं मोठं उदाहरण २०२४ मधलं. पॉलिफिल हा कोड पुरवणारं डोमेन दुसऱ्या कंपनीने घेतलं. तो कोड लावलेल्या साइट एक लाखाहून जास्त होत्या. तिथे मोबाइलवरून येणाऱ्या काही लोकांना बेटिंगच्या साइटवर ढकललं जात होतं. साइटचा ॲडमिन आला की मात्र हा कोड गप्प बसायचा!

म्हणूनच 'माझ्याकडे तर बरोबर उघडतंय' एवढ्यावर पालकांची तक्रार सोडून देऊ नका.

तपासणी कशी करायची?

- लॉगिन न करता, दुसऱ्याच्या मोबाइलवर, मोबाइल डेटा वापरून आणि गूगलवर शोधून साइट उघडा. पालक तशीच उघडतात.
- एकाच मोबाइलवर गडबड होत असेल तर दोष बहुधा त्या मोबाइलचा. सगळीकडे होत असेल तर साइटचा.
- लिंकवर बोट दाबून धरा आणि दिसणारा पत्ता वाचा. पत्ता बरोबर असूनही पान भलतंच उघडत असेल, तर बाहेरचे कोड एकेक करून काढा आणि दरवेळी पुन्हा तपासा.
- ॲडमिनच्या यादीत अनोळखी नाव आहे का, ते बघा.

पुन्हा होऊ नये म्हणून

- टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. पासवर्ड ग्रुपवर टाकू नका.
- डोमेनची मुदत संपण्याची तारीख मुख्याध्यापकांच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.
- शोभेचे काउंटर काढून टाका. प्लगइन अपडेट ठेवा, बॅकअप घ्या.
- प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला सगळ्या लिंक उघडून बघा. जुन्या झालेल्या काढा.

पालकहो, 'शेवटी गव्ह डॉट इन असेल तरच खरं' एवढा नियम पुरत नाही. परीक्षा परिषदेची आणि बालभारतीची साइट नुसत्या 'डॉट इन'वर संपते. त्यामुळे पूर्ण पत्ता शाळेच्या परिपत्रकाशी ताडून बघा. निकाल किंवा पुस्तक बघायला बँकेचा ओटीपी कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

आपल्या शाळेचं नाव बघून पालक लिंक दाबतात. तेव्हा आज मधल्या सुट्टीत एखाद्या सहकाऱ्याचा मोबाइल घ्या आणि शाळेच्या पाच लिंक तपासून बघा.