सेवासमाप्ती आणि सेनापतिपद

डिसेंबर १९७१ च्या विजयाचे श्रेय वाटताना जनरल माणेकशा यांचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्या युद्धात विमानदलाचे नेतृत्व करणारे एअर चीफ मार्शल प्रताप चंद्र लाल यांची सेवा अवघ्या नऊ वर्षांपूर्वी सरकारनेच समाप्त केली होती, याचे स्मरण फारच थोड्यांना असेल.

लाल यांची वाट पहिल्यापासूनच काहीशी निराळी. कोवळ्या वयात ते हौसेखातर विमान चालवावयास शिकले, लंडनमध्ये पत्रकारितेचे शिक्षण घेतले आणि १९३९ मध्ये महायुद्धाने त्यांना विमानदलात आणले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर सातव्या स्क्वाड्रनचे त्यांनी नेतृत्व केले. पुढे १९५७ मध्ये त्यांना इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनचे जनरल मॅनेजर नेमण्यात आले. प्रतिनियुक्ती म्हणजे पुष्कळदा मूळ खात्याला पडलेला विसर, हे सरकारी नोकरीतील वाचकांस सांगावयास नको. लाल यांच्या बाबतीत विसरावर भागले नाही. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी मतभेद झाले आणि १९६२ मध्ये त्यांना सेवेतून दूर करण्यात आले.

त्याच वर्षी चीनने आक्रमण केले. मेनन यांना जावे लागले, यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीस गेले आणि लाल पुन्हा गणवेशात आले. राष्ट्रीय मानहानीच्या त्या पर्वात एका अधिकाऱ्याचे पुनरागमन ही क्षुल्लक बाब वाटली असेल. ती तशी नव्हती.

१९६५ च्या युद्धात लाल विमानदलाचे उपप्रमुख होते. १ सप्टेंबरला छांब विभागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले, तेव्हा भूदलाने विमानांची मागणी केली ती दुपार टळल्यावर. सायंकाळी पठाणकोटहून उडालेल्या जुनाट व्हँपायर विमानांपैकी चार गमवावी लागली. ६ तारखेला त्याच पठाणकोटच्या तळावर उभी असलेली विमाने शत्रूने जाळली. वैमानिकांच्या शौर्यात उणेपणा नव्हता. उणीव होती ती दोन्ही दलांनी एकत्र बसून आधी आखावयाच्या योजनेची. ही उणीव लाल यांनी जवळून पाहिली.

त्यानंतरची तीन वर्षे त्यांनी हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या अध्यक्षपदी काढली. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांची बांधणी सुरू झाली ती याच काळात. जुलै १९६९ मध्ये ते विमानदलप्रमुख झाले तेव्हा कारखाना, प्रवासी वाहतूक व रणांगण या तिन्हींचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

त्यांनी अग्रक्रम स्पष्ट केले: प्रथम देशाचे हवाई संरक्षण, त्यापाठोपाठ भूदल व नौदल यांना साहाय्य. पूर्व विभागाचे हवाई मुख्यालय शिलाँगला आणि भूदलाचे कलकत्त्यास. तेव्हा फोर्ट विल्यममध्येच विमानदलाचे अग्रवर्ती मुख्यालय उघडण्यात आले. भूदलाच्या कोअरबरोबर विमानदलाची केंद्रे जोडण्यात आली. तळांवर विमानांसाठी भक्कम निवारे बांधले गेले. वर्तमानपत्रांत मथळे व्हावेत असे यात काही नव्हते.

३ डिसेंबरच्या सायंकाळी पाकिस्तानने आपल्या तळांवर अकस्मात हल्ले केले, परंतु पठाणकोटची पुनरावृत्ती झाली नाही. पूर्वेस आपल्या मिग विमानांनी तेजगावची धावपट्टी उखडली आणि थोड्याच दिवसांत तेथील पाकिस्तानी विमाने जमिनीस खिळली. पश्चिमेस ५ तारखेला लोंगेवालाच्या वाळवंटात जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी रणगाड्यांचा फडशा पाडला. ११ तारखेला टांगाइल येथे छत्रीसैनिक उतरले, ते विरोधी विमानांची धास्ती न बाळगता.

जानेवारी १९७३ मध्ये लाल निवृत्त झाले आणि नागरी विमान वाहतुकीकडेच परतले. १९८२ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक पश्चात, १९८६ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यात १९६५ च्या उणिवांविषयी त्यांनी हातचे काही राखलेले नाही. त्या वेळी आपणच उपप्रमुख होतो, हे ठाऊक असूनही.